ऋषिकेशचे स्वामी आणि रामेश्वरमचे दुल्हाभाई

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ सालापासून महाराष्ट्रातील शाळांत तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी शाळेत आम्हांला बोलावणे आले होते. फळ्याच्या दोन्ही बाजूंना कलामांचे फोटो, फोटोखाली रंगीत खडूने लिहिलेली सुवचने. त्यांतली निम्मी तरी कलामांची नसावीत असा आमचा संशय आहे. चांगले दिसणारे आणि ज्याचा धनी सापडत नाही असे प्रत्येक वाक्य कलामांच्या खाती जमा करण्याची हल्ली रीतच पडली आहे.

आम्ही मुलांना 'अग्निपंख'मधला ऋषिकेशचा प्रसंग सांगितला. तो सांगितला की सभा खूश होते, हे अनुभवाने ठाऊक आहे. टाळ्या झाल्या. मग मागच्या बाकावरची नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्यांना स्वामी भेटले. आमच्या मोहल्ल्यात आम्हांला कोण भेटणार?"

मुले हसली. आम्हीही हसलो आणि "बेटा, पुस्तके भेटतील" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. मुलगी मात्र खाली बसताना आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती घरी येईपर्यंत आमच्या मागे होती. ज्या पुस्तकाचे आम्ही वर्षानुवर्षे दाखले देत आलो, ते आम्ही नीट वाचले होते काय? रात्री 'अग्निपंख' पुन्हा काढले. हा लेख म्हणजे त्या फेरवाचनाचा जबाब आहे.

'विंग्ज ऑफ फायर' हे मूळ इंग्रजी पुस्तक १९९९ साली आले. कलामांनी सांगायचे आणि अरुण तिवारींनी शब्दांत बांधायचे, असे ते झाले. मराठी वाचकांच्या घरांत ते पोहोचले माधुरी शानभाग यांच्या अनुवादामुळे. बक्षीस समारंभ, निरोप समारंभ, दहावीचा सत्कार, सगळीकडे हे पुस्तक वाटले गेले. आमच्या समाजात तर त्याला एक वेगळेच काम लागले. घरात कुराणशरीफच्या तक्त्याखालच्या फळीवर ते असायचे, आणि पोराने अभ्यास टाळला की अब्बांचे बोट त्या फळीकडे वळायचे.

अशा पुस्तकाचे समीक्षकांकडून जे होते तेच याचेही झाले. काहींनी ते सुविचारांची पेटी म्हणून वापरले. काहींनी ते दाखल्यासारखे वापरले: पाहा, या देशात मुसलमानाचा मुलगा राष्ट्रपती होतो. (२००२ ते २००७ या काळात ते राष्ट्रपती होते, हे खरेच.) दोन्ही वाचनांत ऋषिकेशचा प्रसंग मध्यभागी असतो.

तो प्रसंग थोडक्यात असा. मद्रासच्या एमआयटीतून एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शिकून आणि बंगलोरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये उमेदवारी करून कलाम नोकरीच्या शोधात निघतात. दोन ठिकाणांहून बोलावणे येते: दिल्लीला संरक्षण खात्याच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयातून आणि डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळाकडून. मन अर्थातच डेहराडूनमध्ये, कारण विमान उडवायचे आहे. पंचवीस उमेदवारांत ते नववे येतात. घ्यायचे असतात आठ. एका जागेने स्वप्न हुकते. उदास होऊन ते ऋषिकेशला उतरतात, गंगेत स्नान करतात आणि शिवानंद स्वामींच्या आश्रमात जातात. नाव ऐकून स्वामींच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. ते उदासीचे कारण विचारतात. मग जे सांगतात त्याचा मथितार्थ एवढाच की, हवाई दल तुझ्या वाट्याचे नव्हते, हे अपयश तुला तुझ्या खऱ्या वाटेवर आणण्यासाठी होते, आता ईश्वरी इच्छेच्या स्वाधीन हो. कलाम दिल्लीला परततात, तिथे नेमणुकीचे पत्र तयार असते. १९५८ साली दरमहा २५० रुपये मूळ पगारावर ते रुजू होतात.

आता हा सल्ला त्या पानावरून उचलून हातावर ठेवून पाहा. त्यात नवीन काय आहे? तकदीरचा हवाला देऊन समजूत घालणे आपल्याकडे मय्यतीच्या घरी बसलेला प्रत्येक शेजारी करतो. हेच वाक्य रामेश्वरमच्या मशिदीतल्या एखाद्या बुजुर्गाने म्हटले असते तर कलामांनी ते आत्मकथनात लिहिले असते काय, याची आम्हांला शंका आहे. सल्ला लक्षात राहिला तो सांगणाऱ्यामुळे. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती, ज्याचे आपल्याकडे काही देणे-घेणे नाही, ज्याला आपल्या पास-नापासाने फरक पडत नाही, त्याने सांगितले की ते आत उतरते. घरच्या माणसाच्या सल्ल्यात त्याची स्वतःची आशा मिसळलेली असते. परक्याचा सल्ला निर्मळ वाटतो. निदान तसा भास तरी होतो.

नसीहत ही आपल्याकडे एक जुनी साहित्यविधा आहे. मकतबांतून पिढ्यान्‌पिढ्या 'करीमा' शिकवला गेला, तो पंदनामाच. शेख सादींची 'गुलिस्ताँ' (१२५८) तर अशा गोष्टींनी भरलेली. तिच्यात हकीम लुकमानांना कोणी विचारते की अदब तुम्ही कोणाकडून शिकलात, आणि ते बेअदब लोकांचे नाव घेतात. त्यांचे जे वागणे खटकले ते आपण सोडले, इतकाच त्यांचा धडा. अनपेक्षित गुरूची ही कदाचित सर्वांत नेमकी गोष्ट असेल. पण पंदनाम्यात सल्ला सुटा असतो. कोणाला, कुठल्या अडचणीत, किती रुपये खिशात असताना सांगितला, याला तिथे महत्त्व नाही. आत्मकथनात मात्र या सगळ्यालाच महत्त्व असते. म्हणून आत्मकथनातला सल्ला पंदनाम्यासारखा वाचणे ही आमच्या मते चूक आहे, आणि 'अग्निपंख'च्या बाबतीत ती आपण सरसकट केली. आम्हीही केली.

मग संदर्भासह वाचू. एक तर, पंचवीस उमेदवारांपैकी आठ गेले, नववे कलाम, आणि उरलेले सोळा. त्या सोळांनाही परतीच्या वाटेवर कोणी ना कोणी भेटलेच असणार. तकदीरचा हवाला त्यांनाही कोणी दिला असेल. त्यांचे आत्मकथन आले नाही. यशस्वी माणसाच्या तोंडून ऐकलेला सल्ला नेहमी खरा ठरलेला असतो, कारण खोटा ठरलेला सल्ला सांगायला व्यासपीठ मिळत नाही. दुसरे म्हणजे, कलामांनी तकदीरवर भरवसा ठेवला तेव्हा त्यांच्या हाती तदबीरही होती. दिल्लीची मुलाखत ते आधीच देऊन आले होते. ती दिली नसती तर ऋषिकेशहून ते थेट रामेश्वरमची गाडी पकडते. शाळेत आम्ही मुलांना गंगा सांगतो, स्वामी सांगतो आणि ही मुलाखत गाळतो.

तिसरी गोष्ट आम्हांला अधिक मनोरंजक वाटते. हाच प्रसंग कलाम पुढे भाषणांतून सांगू लागले तेव्हा त्याचा रोख बदलला. पुस्तकात स्वामी नियतीचा स्वीकार करायला सांगतात. नंतरच्या सांगण्यात गीतेचा अकरावा अध्याय येतो आणि स्वामींचा उपदेश पराभूत वृत्तीचा पराभव करण्याचा होतो. एकात शरणागती, दुसऱ्यात लढाई. कलाम खोटे बोलले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आठवणीतला सल्ला ऐकणाऱ्याबरोबर वाढत जातो, एवढेच. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी नोकरी हुकलेल्या तरुणाला दिलासा हवा होता, तो त्याने घेतला. पुढे हजारो शाळकरी मुलांसमोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला जोम वाटायचा होता, तो त्याने त्याच प्रसंगातून काढला. सल्ला देणारा १९६३ सालीच निवर्तला होता. खुलासा कोण मागणार?

आणखी एक बाब, जी या प्रसंगाच्या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही. शिवानंद स्वामी हे पूर्वाश्रमीचे डॉक्टर. मलायात दहा वर्षे वैद्यकी करून १९२३च्या सुमारास सगळे सोडून ते परतले. चालता धंदा सोडून दुसरी वाट धरलेला हा माणूस होता. व्यवसायाची दिशा बदलण्याविषयी बोलायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला असणार? शिवाय ते मूळचे तमिळच, तिरुनेलवेलीकडच्या पत्तमडै गावचे. हे गाव कोरई गवताच्या तलम चटयांसाठी नावाजलेले आहे, आणि त्या चटया विणणारे लब्बई मुसलमान. मुसलमानी नाव ऐकून स्वामींच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही याचे आपण केवढे कौतुक करतो! ज्याच्या गावात लब्बईंचे माग आहेत त्याला त्या नावाचे नवल का वाटावे? नवल वाटते ते आपल्याला, कारण आपली वस्ती आणि त्यांची वस्ती यांच्यात आता रस्ता पडला आहे.

तेव्हा अनपेक्षित म्हणजे कोणाला अनपेक्षित, हा खरा प्रश्न. आणि इथेच त्या मुलीच्या प्रश्नाचे दुसरे टोक आमच्या हाती लागले.

'अग्निपंख'च्या पहिल्या प्रकरणात अहमद जलालुद्दीन नावाचे गृहस्थ येतात. कलामांच्या नात्यातले, वयाने सुमारे पंधरा वर्षांनी मोठे. पुढे जोहरा आपांशी त्यांचा निकाह झाला, म्हणजे आपल्या भाषेत ते कलामांचे दुल्हाभाई. घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण शाळेपुढे गेले नाही, ठेकेदारीचा धंदा. पण त्या काळी बेटावर इंग्रजी लिहिता येणारा हा एकटा माणूस. कोणाचा अर्ज असो, कोणाचे पत्र असो, लोक यांच्याकडे यायचे. ते या मुलाला 'आझाद' म्हणत, अबुल कलाम या नावामागे आपसूक येणारे ते नाव. संध्याकाळी दोघे लांब फिरायला निघत. मशिदीच्या गल्लीतून समुद्राकडे जायचे, वाटेत शिवमंदिराला फेरी व्हायची आणि बोलणे चालायचे अल्लाहविषयी. कलाम लिहितात की जलालुद्दीन खुदाविषयी असे बोलत, जणू त्याच्याशी त्यांची धंद्यातली भागीदारी आहे. बेटापलीकडच्या जगात काय चालले आहे, विज्ञानात कोणते शोध लागले, वैद्यकाने कुठवर मजल मारली, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळले ते या ठेकेदाराकडून. शिकत राहा, बाहेर पड, हे सांगणारा तो पहिला.

हा सल्ला ऋषिकेशच्या सल्ल्याहून कितीतरी मोठा आहे. त्याने निराश माणसाची समजूत घातली नाही, लहान मुलाला दिशा दिली. एक दिवस दिला नाही, रोज संध्याकाळी दिला. तरी आमच्या भाषणांत जलालुद्दीन येत नाहीत. का येत नाहीत? आमचे उत्तर जरा कडू आहे. मुसलमान वस्तीतला, कमी शिकलेला, ठेकेदारी करणारा मेव्हणा मुलाला विज्ञानाकडे वळवतो, ही गोष्ट इतरांना अपेक्षित नाही हे समजू शकतो. ती आम्हांलाही अपेक्षित नाही. आमच्या मनातही सल्लागाराची जागा बाहेर आहे आणि मोहल्ल्याची जागा पंक्चरच्या दुकानात. इतरांनी आमच्याविषयी जे चित्र काढले, ते आम्ही चौकट घालून आमच्याच दिवाणखान्यात लावले आहे.

कलामांनी मात्र हे कर्ज विसरले नाही. २०१३ साली, वयाच्या ब्याऐंशीच्या घरात, त्यांनी 'माय जर्नी' हे छोटे पुस्तक लिहिले, त्यात जलालुद्दीन यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि 'पहिला मार्गदर्शक' हा मान त्यांना दिला आहे. विक्रम साराभाई त्यांच्यानंतर येतात. म्हणजे चूक लेखकाची नाही, वाचणाऱ्यांची आहे.

तसे पाहता लेखकाकडेही आमची एक तक्रार आहे, आणि ती जोहरा आपांसाठी आहे. एमआयटीच्या प्रवेशाला सुमारे हजार रुपये लागत होते. अब्बांकडे तेवढी रक्कम नव्हती. आपांनी सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. कलामांनी मनाशी ठरवले की स्वतःच्या कमाईतून त्या सोडवायच्या. हा प्रसंग 'अग्निपंख'मध्ये चार ओळींत येतो आणि जातो. आपा काय बोलल्या? बोलल्या की नाही? आईबापांच्या घरातल्या लेकीने अंगावरचे सोने काढून भावाच्या हाती द्यायचे, यामागे जो निर्णय आहे, तो बिनशब्दांचा सल्लाच आहे: जा, आणि पुरते शिकून ये. रॉकेटच्या एकेका टप्प्याला पाने देणारे पुस्तक या बांगड्यांपाशी थांबत नाही. २०१३च्या पुस्तकात आई आणि बहीण यांना प्रकरण मिळाले, हे बरे झाले. पण शाळांतून वाटले जाते ते पहिलेच पुस्तक.

बाकीचे सल्लागार वाचकांना पाठ आहेत. शिवसुब्रमणिया अय्यर गुरुजी, ज्यांनी बायकोच्या सोवळ्या स्वयंपाकघरात मुसलमान विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने वाढले आणि शेजारी बसून जेवले. प्रा. श्रीनिवासन, ज्यांनी विमानाच्या आराखड्यासाठी तीन दिवसांची मुदत देऊन शिष्यवृत्ती बंद करण्याची धमकी दिली. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ समुद्रात कोसळल्यावर पत्रकारांना स्वतः सामोरे जाणारे सतीश धवन, ज्यांनी १८ जुलै १९८०च्या यशानंतर कलामांना पुढे केले. यांतले धवन व्याख्यात्यांचे फार लाडके. पण ते वरिष्ठ होते आणि वरिष्ठाने असे वागावे हीच अपेक्षा असते. ती सहसा पुरी होत नाही म्हणून आपण चकित होतो. शमसुद्दीन या चुलतभावाविषयी मात्र थोडे सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरम स्टेशनावर गाडी थांबणे बंद झाले. वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. ते झेलायला शमसुद्दीनने लहानग्या कलामांना मदतीला घेतले. पहिली कमाई ती. 'स्वतःच्या पायावर उभा राहा' असे एक अक्षर न बोलता त्याने ते हातात ठेवले.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे खालू लाकडाच्या वखारीवर कामाला होते. शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. तरुणपणी त्यांनी एका मराठी कागदावर न वाचता अंगठा दिला होता आणि बांधालगतची जमिनीची पट्टी घालवली होती. अकरावीला कोणते विषय घ्यावेत यावर घरात खल चालला होता. कोणी ड्रायव्हिंगचे लायसन म्हणत होते, कोणी आखाताचा पासपोर्ट. खालू चहा पीत बसले होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "जिस जबान में सातबारा निकलता, वो जबान पक्की कर." घरातले सगळे हसले. आम्ही मराठी घेतली. पुढे तीच शिकवली, तिच्यातच लिहिले, आणि हा लेखही तिच्यातच लिहीत आहोत. गंमत अशी की चाळीस वर्षांच्या नोकरीत आणि शेकडो व्याख्यानांत ही गोष्ट आम्ही एकदाही सांगितली नाही. शिवानंद सांगितले, सादी सांगितले, खालूंना वखारीतच ठेवले. त्या मुलीने विचारले तेव्हाही ते आम्हांला आठवले नाहीत.

कलामांच्या पुस्तकात मुंबईतल्या एका निरोपाचा प्रसंग आहे. नासाच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेला निघालेल्या कलामांना पोहोचवायला जलालुद्दीन आणि शमसुद्दीन रामेश्वरमहून मुंबईच्या विमानतळावर आले होते. एवढे मोठे शहर ते दोघे पहिल्यांदाच पाहत होते, आणि आझाद निघाला होता न्यूयॉर्कला. कलामांचे डोळे भरून आले. सल्ला द्यायची खरी वेळ ती होती. बेटावरच्या सगळ्यांची पत्रे लिहून देणाऱ्या माणसाकडे शब्दांची वाण नव्हती. पण जलालुद्दीन यांनी काहीही शिकवले नाही. आमचे तुझ्यावर प्रेम आहे, भरवसा आहे, तुझा अभिमान वाटत राहील, एवढ्याच अर्थाचे ते बोलले. पुढे एसएलव्हीच्या कामाच्या धांदलीत ते गेल्याची खबर आली, तेव्हा कलाम रात्रभर बसगाड्या बदलत रामेश्वरमला पोहोचले.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही पत्र लिहिले आहे. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा बोलवावे अशी विनंती केली आहे, आणि ती मुलगी तेव्हा दहावीत असेल, तिला पहिल्या बाकावर बसवावे, असेही कळवले आहे. विमानतळाचे पान वाचू. खालूंचे सांगू. मग तिला विचारू, तुमच्या मोहल्ल्यात लोकांचे अर्ज कोण लिहून देते?